पुरेसा आवाज

आमच्या लहानपणी वाड्यात नळ दोनच होते. एक खालच्या चौकात आणि दुसरा वरच्या मजल्यावरील मोरीत. पाण्याची वेळ ठरलेली असे. खालचा नळ पुरता सोडला की वरच्या नळातून नुसती हवा सूं सूं करीत बाहेर पडे आणि मग आमची आजी कठड्यावरून वाकून म्हणे, "अहो, जरा बारीक करा की!" खालच्या बिऱ्हाडाने कोणाचे पाणी चोरलेले नसे. नळ त्यांच्या हक्काचा, वेळ त्यांच्याही वाट्याची. तोटी किती फिरवावयाची, एवढाच काय तो प्रश्न. हा प्रश्न नीतीचा आहे असे तेव्हा कोणास वाटले नाही, आम्हासही नाही. तो आमच्या ध्यानात आला तो वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, गच्चीवर अँटेना हातात धरून उभे असताना.

आमचा छंद हौशी रेडिओचा. शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळवावयाचा, स्वतःचे संकेतनाम घ्यावयाचे आणि बिनतारी लहरींवरून जगातील आपल्यासारख्याच इतर परवानाधारकांशी बोलावयाचे, असे त्याचे स्वरूप. व्यापार करावयाचा नाही, गुप्त भाषा वापरावयाची नाही, पैसा घ्यावयाचा नाही. या मंडळींचे स्वतःचे कृत्रिम उपग्रहही आहेत, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. स्पुटनिक आकाशात गेल्यास चार वर्षेच झाली होती, तेव्हा कॅलिफोर्नियातील काही हौशी लोकांनी फावल्या वेळात 'ऑस्कर-१' नावाची, सुमारे साडेचार किलो वजनाची एक पेटी तयार केली. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकन वायुदलाच्या अग्निबाणावर, एरवी जेथे तोल सांभाळण्यासाठी नुसते वजन ठेवले असते त्या जागी, ती वर गेली. ती फक्त एकच शब्द बोले. मोर्सच्या लिपीत चार टिंबे आणि दोन टिंबे, म्हणजे 'हाय'. विद्युतघट संपेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, ती तेवढेच बोलत राहिली आणि २८ देशांतील ५७० हून अधिक लोकांनी तिचा आवाज ऐकल्याचे लिहून कळविले. तिला उत्तर देण्याची सोय नव्हती. आकाशातील या छंदाचा आरंभ निव्वळ ऐकण्यापासून झाला, ही गोष्ट आम्हास अर्थपूर्ण वाटते.

पुढे उपग्रह ऐकूही लागले. त्यांतील यंत्रास ट्रान्सपॉन्डर म्हणतात. खालून येणारा लहरींचा एक अरुंद पट्टा तो जसाच्या तसा उचलतो, दुसऱ्या पट्ट्यावर नेऊन ठेवतो आणि परत पृथ्वीकडे सोडतो. त्या पट्ट्यात एकाच वेळी आठदहा जोड्या शेजारीशेजारी बोलू शकतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानांवर वेगवेगळ्या गप्पा चालाव्यात तसे. आपल्या देशाचा असा उपग्रह 'हॅमसॅट'. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीच्या 'सी-६' मोहिमेत, 'कार्टोसॅट-१'च्या सोबतीने तो गेला. वजन साडेबेचाळीस किलो. त्यावर दोन ट्रान्सपॉन्डर होते. एक भारतीय बनावटीचा आणि दुसरा नेदरलँड्समधील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने केलेला. उंची सुमारे सव्वासहाशे किलोमीटर. सकाळी साडेदहाच्या आगेमागे आणि तसाच रात्री तो आमच्या इंदूरवरून जाई. क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर बारा-तेरा मिनिटे.

आता वाड्यातील नळाची गोष्ट येथे का आली ते सांगतो. हॅमसॅटच्या ट्रान्सपॉन्डरची एकूण शक्ती होती सुमारे एक वॅट. सायकलच्या डायनॅमोवर पेटणाऱ्या दिव्यासही याहून अधिक लागते. त्या एका वॅटमध्ये सर्वांची वाटणी. खालून एखाद्याचा आवाज फार मोठा आला, तर आतील स्वयंचलित नियंत्रण आपल्या बचावासाठी सर्वांचेच प्रवर्धन कमी करते. याचा परिणाम नीट समजून घ्यावा. मोठ्याने बोलणारा माणूस हळू बोलणाऱ्याचा आवाज नुसता झाकत नाही. तो आकाशातून येणारा त्याचा आवाजच लहान करतो. दुसरा कोठे तरी दूरच्या लहरीवर, आपल्या वाटेस न जाता बोलत असला तरीही. चौकातली तोटी पुरती उघडली की मोरीत हवा.

या छंदात एक विलक्षण सोयही आहे. आपण वर पाठविलेला आवाज त्याच क्षणी खाली येताना आपल्याला ऐकू येतो. दूरध्वनीवर वा सभेत आपण दुसऱ्याच्या कानाने स्वतःस कधी ऐकत नाही. येथे ते शक्य आहे, नव्हे, अपेक्षितच आहे. कानास श्रवणयंत्र लावावे, आपला आवाज आकाशातून परत येईपर्यंत शोधावा, आणि तो जेमतेम स्पष्ट येईल इतकीच शक्ती ठेवावी, अशी येथील रीत. तो ऐकू आला नाही तर? तर शक्ती वाढवावयाची नाही. आपली ऐकण्याची बाजू तपासावयाची. जो शक्ती वाढवितो, त्याला जगभरचे हौशी लोक 'मगर' म्हणतात. तोंड मोठे, कान लहान.

२००८ सालच्या आषाढात आम्ही मगर झालो होतो.

रविवार होता. पावसाने उघडीप दिली होती. हैदराबादचे एक स्नेही उपग्रहावर येणार हे आधी ठरलेले. उपग्रह उगवला, आम्ही बोललो. पण आमचा आवाज परत येताना फार क्षीण येत होता. स्नेह्यांचाही तसाच. बारा मिनिटांतील दोन गेली होती. आम्ही शक्ती वाढविली. थोडे बरे वाटले, म्हणून आणखी वाढविली. पुढची दहा मिनिटे आम्ही दोघांनी पाऊसपाणी, प्रकृती आणि नव्या अँटेनाच्या लांबीरुंदीच्या गोष्टी केल्या. एकमेकांस उत्तम गुण दिले. नोंदवहीत ओळ लिहिली आणि खाली जेवावयास आलो.

आठवड्याने एक कार्ड आले. बेळगावकडील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे. लोखंडी मोजपट्टी कापून, नळीवर बसवून स्वतः केलेला अँटेना आणि पाच वॅटचा संच, एवढे त्याचे साहित्य. त्याने लिहिले होते, "मा. काका, सप्रेम नमस्कार. आपले आडनाव ऐकून मराठीत लिहिण्याचे धाडस करीत आहे. आपला आवाज येथे फार उत्तम आला. मी माझा आवाज प्रथमच उपग्रहावरून परत ऐकला; परंतु आपण बोलू लागलात की तो नाहीसा होई. आपण थांबलात की पुन्हा येई. आपणास हाक मारीत होतो. पुन्हा कधी योग आला तर भेटू." तक्रारीचा सूर कोठेही नव्हता. त्याने अभिनंदन करावे तसे ते लिहिले होते.

आम्ही उत्तर लिहिण्यास तीन आठवडे लावले. कारण सांगावयास संकोच वाटतो: पहिले दोन आठवडे आमचा त्यावर विश्वास बसला नाही. मोजपट्टीचा अँटेना, पाच वॅट, नवखा मुलगा. त्याचाच हात कापला असेल, अँटेना उपग्रहावरून ढळला असेल, असे आम्ही स्वतःस समजाविले. आम्ही तर आमचाच आवाज जेमतेम ऐकत होतो; तो दुसऱ्यास बुडवील कसा? शेवटी एका दुपारी गच्चीवर जाऊन ग्राहक अँटेनाच्या केबलचा जोड उघडला. आतून पाणी गळाले. तांब्याची जाळी काळवंडली होती. पावसाच्या पहिल्या सरींपासून आमचा कान बंद होता, आणि बंद कानाच्या माणसाने घसा मोठा केला होता.

विद्यार्थ्याचे नुकसान ते काय, असे कोणी म्हणेल. दहा मिनिटे. उपग्रह रात्री पुन्हा आला असेल. खरे आहे, कोणाचा प्राण गेला नाही. पण येथे जो प्रश्न उभा राहतो तो दहा मिनिटांच्या मापाचा नाही. जे नुकसान आपल्याला ऐकूच आले नाही, त्याचा दोष आपल्याकडे किती?

दोष नाही, असे म्हणण्यास आधार पुष्कळ आहेत. हेतू वाईट नव्हता. नियम मोडला म्हणावे, तर आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत समाधानकारक सेवेसाठी आवश्यक तेवढीच शक्ती वापरावी असे सांगितले आहे. आणि आमच्या कानास त्या सकाळी तेवढी आवश्यकच वाटत होती. 'आवश्यक' हा शब्द कायद्यात लिहिता येतो, त्याचे माप मात्र वापरणाऱ्याच्याच कानात असते. पतंजलीने सांगितलेल्या यमांत अस्तेय आहे आणि अपरिग्रहही आहे. अस्तेयाच्या कसोटीवर आम्ही निर्दोष ठरतो, कारण दुसऱ्याचे म्हणून आम्ही काही घेतले नाही. अपरिग्रहाच्या कसोटीवर थोडे अडखळतो. आपण अपरिग्रह म्हटले की धान्याच्या कणग्या आणि सोन्याच्या पाटल्या मोजतो. आवाजाचाही संग्रह होतो हे मनात येत नाही. पण अपरिग्रह पाळणाऱ्यास निदान आपल्या घरात काय साठले आहे ते दिसते. आम्हास दिसत नव्हते. संयम करावयाचा तर आधी आपण किती घेत आहो ते कळावयास हवे, आणि ते कळण्याचे साधनच नादुरुस्त होते.

म्हणून आमच्या मते दोष शक्ती वाढविण्यात दुय्यम आहे. मूळ दोष जोड न उघडण्यात आहे. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक असे की जे दूर करणे आपल्या हाती नसते. त्याबद्दल माणसास धरता येणार नाही. दुसरे असे की जे एका पान्याने आणि दहा मिनिटांच्या कष्टाने दूर झाले असते. दुसऱ्यास अज्ञान म्हणणे हे सौजन्य झाले. त्याचे खरे नाव हयगय. आणि हयगयीत एक सोयही दडलेली असते. ज्याला आपण बुडविले, त्याची तक्रार आपल्यापर्यंत न पोहोचण्याची व्यवस्था आपण त्याच कृतीने केलेली असते. मोरीतला नळ कोरडा पडला तर आजीस कठड्याशी येऊन हाक तरी मारता येत होती. आकाशात बुडालेल्यास हाक मारावयाची ती त्याच आकाशातून. आमच्याकडे टपालाने कार्ड आले हा अपवाद. ज्यांनी कार्ड लिहिले नाही ते किती, याची मोजदाद आमच्याजवळ असणे शक्य नाही.

या बाबतीत यंत्रांनीही काही शिकविले आहे. 'ऑस्कर-७' हा उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ रोजी गेला; अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील हौशी लोकांनी मिळून बांधलेला. १९८१ मध्ये त्याचे विद्युतघट आतल्या आत जोडले जाऊन निकामी झाले आणि तो मेला असे सर्वांनी धरले. एकवीस वर्षांनी, जून २००२ मध्ये, इंग्लंडातील एका हौशी माणसास तो अचानक ऐकू आला. घटांतील तो बिघाडच पुढे तुटला होता आणि सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्रास मिळू लागली होती. तेव्हापासून तो उन्हात जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. २०२४ मध्ये त्यास पन्नास वर्षे झाली, तेव्हाही लोक त्यावरून बोलत होते. परंतु घट नसल्यामुळे त्यास राखीव असे काहीच नाही. कोणी फार शक्तीने बोलला की त्याची वीज खाली जाते आणि सर्वांचे आवाज एकदम थरथरू लागतात, ओरडणाऱ्याचाही. आम्ही हा थरकाप ऐकला आहे. चांगला गाणारा गळा म्हातारपणी हलावा तसा तो येतो. येथे निदान मगरीस स्वतःचे कृत्य स्वतःच्या आवाजात ऐकावयास मिळते.

उलट टोक 'क्यूओ-१००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रान्सपॉन्डरचे. कतारच्या 'एस्हेल-२' या दूरसंचार उपग्रहावर तो बसविलेला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा उपग्रह वर गेला आणि विषुववृत्तावर, आफ्रिकेच्या माथ्यावर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर झाला. आपल्याकडून तो पश्चिमेस दिसतो. त्याच्या पट्ट्यात एक बीकन, म्हणजे खुणेचा संकेत, सतत वाजत असतो आणि कोणाचाही परत येणारा आवाज त्याहून मोठा नसावा असा दंडक आहे. दंडक मोडला तर 'लैला' नावाची यंत्रणा त्या आवाजावर भोंगा वाजविते. (जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले, मजनूचा येथे संबंध नाही.) भोंगा सर्व जगास ऐकू जातो आणि माणूस ओशाळून बटण मागे फिरवितो. व्यवस्था उत्तम. तरी आम्हास शंका येते ती ही की भोंग्याच्या भीतीने खाली आलेला आवाज आणि शेजाऱ्यास ऐकू जावे म्हणून खाली आणलेला आवाज, हे दोन्ही यंत्राच्या पडद्यावर सारखेच दिसत असले तरी एक आहेत काय? भोंगा नसलेल्या आकाशात गेल्यावर पहिला माणूस काय करील?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मोठा आवाज कधी गरजेचा नसतो काय? २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. दूरध्वनी बंद पडले आणि अंदमानातील माणसांची खुशाली या मंडळींच्या संचांवरून मुख्य भूमीपर्यंत गेली. ते काम उपग्रहावरून नव्हे, लघुलहरींवरून झाले. पण मुद्दा तोच. अशा वेळी शक्ती कमी ठेवा असे कोण सांगेल? कोणीच नाही. तथापि या छंदातील कोणासही विचारा. संकटाचे संदेश पोहोचतात ते प्रेषकाच्या वॅटवर जितके, तितकेच त्या लहरीवर ऐकत बसून गप्प राहणाऱ्यांवर. आणि गप्प राहावयाचे केव्हा, हे ज्याचा कान चालू आहे त्यासच कळते.

गप्प राहण्याचाही अतिरेक होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. हॅमसॅट अनेकदा आमच्यावरून पूर्ण रिकामा गेलेला आम्ही ऐकला आहे; बारा मिनिटे नुसती खरखर. ज्यांनी तो फुकट बांधून दिला त्यांनी तो रिकामा जावा म्हणून बांधला नव्हता. आमच्यासारख्या, घरापासून दूर वसलेल्या लोकांस हा दुसरा दोष अधिक जडतो. होळकरशाहीत दप्तरचे कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. त्या काळी खालचा नळ आपल्या चौकात होता, आणि वरच्या मजल्यावर कोण कोरडे राहते याची विचारपूस आपण किती केली, हे आपले आपण जाणतो. आता आपण वरच्या मजल्यावर राहावयास आलो आहो. येथे आल्यावर मुकाट्याने हंडा उचलून आत जाणे हे शहाणपणाचे वाटते. पण कठड्याशी येऊन "जरा बारीक करा" असे म्हणणे हेदेखील एक कर्तव्य असते, खालच्यांच्या भल्यासाठीसुद्धा. त्या विद्यार्थ्याने ते पार पाडले. असो.

आमच्या पत्रास त्याचे उत्तर आले नाही. पत्ता वसतिगृहाचा होता. शेवटचे वर्ष संपवून तो गेला असावा. आम्ही जोड बदलला, शक्ती पूर्वीच्या निम्म्याहून खाली आणली आणि त्यानंतर कित्येक सकाळी उपग्रहाच्या पट्ट्याच्या कडेकडेने त्याचे संकेतनाम शोधीत बसलो. जुलै २०१४ मध्ये विद्युतघट निकामी होऊन हॅमसॅट थांबला. आमच्या नोंदवहीत त्या रविवारची एकच ओळ आहे, हैदराबादची. शेरा 'उत्तम'. तिच्या खाली एका ओळीची जागा मोकळी आहे, आणि कार्ड त्याच पानात ठेवलेले आहे. दर वर्षी मृग लागण्यापूर्वी आम्ही गच्चीवर जाऊन सगळे जोड उघडतो, पुसून कोरडे करतो आणि नवी चिकटपट्टी गुंडाळतो. गेल्या वर्षापासून शिडी धरावयास नातू येतो.